अप्पियाच्या कडेचा संगमरवरी तुकडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमला जाऊन आलेल्या मंडळींच्या फोटोंत कलोसियम आणि त्रेव्ही कारंजं ठरलेलं असतं. हल्ली मात्र एक वेगळा फोटोही दिसू लागला आहे. पाइन वृक्षांची रांग, काळ्या दगडांचा जुना रस्ता आणि कडेला विटांची एक भिंत, तिच्यात संगमरवराचे पाच-पंचवीस तुकडे ओळीने बसवलेले. फोटोखाली हमखास ‘हे काय आहे?’ असा प्रश्न येतो. त्या प्रश्नाची आणि त्यातून निघणाऱ्या पुढच्या प्रश्नांची ही उत्तरं.

ही भिंत रोमन आहे का?

नाही. तुकडे रोमन, भिंत एकोणिसाव्या शतकातली.

मग ती बांधली कोणी, आणि कशासाठी?

फोटो रोमहून दक्षिणेकडे जाणाऱ्या व्हिया अप्पिया या रस्त्यावर, चौथ्या रोमन मैलाच्या आसपास काढलेला असेल, तर बहुतेक ती मार्कस सर्व्हिलियस क्वार्टस या रोमन माणसाच्या थडग्याची भिंत आहे. हे थडगं आपण आपल्या पैशाने बांधलं, असं त्याने स्वतःच दगडात कोरून ठेवलं आहे. १८०८ मध्ये इथे त्याच्या थडग्याचे तुकडे निघाले. काम पाहत होता आंतोनियो कानोव्हा, त्या काळचा युरोपातला सर्वांत नावाजलेला शिल्पकार आणि १८०२ पासून पोपच्या राज्यातल्या पुरावस्तूंचा मुख्य निरीक्षक.

तोवरची रीत अगदी साधी होती. जमिनीतून काही बरं निघालं की ते पोपच्या संग्रहालयात तरी जायचं, नाहीतर एखाद्या सरदाराच्या बागेत किंवा इंग्रज पाहुण्याच्या सामानात. कानोव्हाने तसं केलं नाही. जिथे सापडलं तिथेच विटांची भिंत उभी करून त्याने ते तुकडे तिच्यात बसवले. त्याच्या हाती अधिकार होता, व्हॅटिकनची दालनं त्याला उघडी होती आणि तुकडे सुंदर होते. तरीही त्याने ते रस्त्यावरच राहू दिले. माझ्या मते कानोव्हाच्या सगळ्या गुळगुळीत देवदेवतांपेक्षा ही ओबडधोबड भिंत जास्त महत्त्वाची आहे.

त्यामागे काळाचा धक्काही होता. १७९७ च्या तोलेंतिनोच्या तहाने नेपोलियनने पोपकडून शंभर कलाकृती वसूल केल्या होत्या. लाओकून आणि बेल्व्हेदेरचा अपोलो हे नावाजलेले प्राचीन पुतळे गाड्यांवर चढून पॅरिसला गेले होते. वस्तू जागेवरून हलली की काय होतं, हे रोमने डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे १८१५ मध्ये ही लूट परत आणायला पॅरिसला गेला तोही कानोव्हाच.

रस्त्यावर अशा भिंती अनेक दिसतात. सगळ्या कानोव्हाच्या का?

नाहीत. बाकीच्या बहुतेक लुईजी कानिना या वास्तुविशारदाच्या. पोप पायस नवव्यांच्या काळात, १८५० पासून पुढची तीन-चार वर्षं, त्याने हा रस्ता मैलोन् मैल मोकळा केला. दोन्ही बाजूंना सापडलेले तुकडे तिथेच ठेवले आणि कानोव्हाचा नमुना गिरवत विटांच्या भिंतींत बसवले. रस्त्याचंच संग्रहालय झालं. कानिनाच्या मांडणीत थोडी नाटकाच्या नेपथ्याची छटा आहे, हे मान्य करायला हवं. प्रत्येक तुकडा त्याच्या नेमक्या थडग्यावरच लागला असेल, अशी खात्री देता येत नाही. पण तुकडा त्या रस्त्यावर राहिला, हेही थोडं नाही.

थडगी रस्त्याच्या कडेलाच का? स्मशानात का नाहीत?

कारण कायदा. इ.स.पू. ४५० च्या सुमारास रोमचे ‘बारा फलक’ तयार झाले. त्यांतलं एक कलम स्पष्ट होतं : मृताला शहरात पुरायचं नाही आणि जाळायचंही नाही. त्यामुळे वेस ओलांडली की थडगी सुरू. अपवाद अगदी मोजके. सम्राट ट्राजनच्या अस्थी शहराच्या आत, त्याच्या विजयस्तंभाच्या पायथ्यात ठेवल्या, तो त्यांतला एक.

पण कायदा ‘बाहेर’ म्हणतो, ‘रस्त्याला लागून’ म्हणत नाही. ती हौस लोकांची. ज्याला परवडेल तो मोठ्या रस्त्यालगतची जागा घ्यायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडेल. अप्पियाला त्यात सर्वांत जास्त मान. अप्पियस क्लॉडियसने इ.स.पू. ३१२ मध्ये हा रस्ता कापुआपर्यंत काढला, पुढे तो ब्रिंदिसी बंदरापर्यंत पोहोचला. पूर्वेकडून येणारा व्यापारी, वकील, सैनिक याच वाटेने रोममध्ये शिरायचा. कवी स्टेशियसने त्याला ‘रस्त्यांची राणी’ म्हटलं, ते बिरुद आजही वापरात आहे.

म्हणूनच या दगडांवरचा मजकूर थेट वाटसरूशी बोलतो. ‘पाहुण्या, थांब, वाच आणि पुढे जा’ या चालीचे लेख शेकड्यांनी सापडतात. वाटसरू गेला की तो दगड कोणाशी बोलणार? अप्पियावरचा तुकडा संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीवर टांगला की नेमकं हेच हरवतं.

इतकी भव्य थडगी होती, मग तुकडेच का उरले?

थडगं सगळं संगमरवराचं नसायचंच. आत चुना, वाळू-माती आणि दगडांच्या गोट्यांचा ओतीव गाभा आणि बाहेरून दगडाचं किंवा संगमरवराचं आवरण. अप्पियावर जे बेढब, उघडेबोडके सुळके उभे दिसतात ते हे गाभे. आवरण लोकांनी सोलून नेलं.

नेलं कशाला? बहुतांशी चुन्यासाठी. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. मध्ययुगातल्या रोमला बांधकामासाठी चुना हवा होता आणि तयार, पांढराशुभ्र, रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेला कच्चा माल फुकट मिळत होता. १५१९ च्या सुमारास चित्रकार राफाएलने पोप लिओ दहाव्यांना लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे की आजचं रोम, त्याचे राजवाडे आणि चर्चेस, सगळं प्राचीन संगमरवराच्या चुन्यात बांधलेलं आहे.

दुसरी लूट धातूची. दगड एकमेकांना जोडायला शिसं ओतून लोखंडी कांबी बसवत. मध्ययुगात ती काढायला जागोजागी खड्डे पाडले गेले. एखाद्या तुकड्याच्या कडेला वेडंवाकडं भोक दिसलं तर ते काळाने झिजून पडलेलं नाही, कोणीतरी छिन्नी घेऊन पाडलेलं आहे.

जी थडगी वाचली ती बहुधा दुसऱ्या कामाला आली म्हणून. तिसऱ्या मैलाजवळचं सेसिलिया मेटेल्लाचं गोल थडगं, जवळपास तीस मीटर व्यासाचं, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला काएतानी घराण्याने आपल्या किल्ल्याचा बुरूज केलं. त्याच्यावरच्या संगमरवरी पट्टीत बैलांच्या कवट्या आणि फुलांच्या माळा कोरलेल्या आहेत. त्या कवट्यांवरून त्या भागालाच ‘कापो दी बोव्हे’, बैलाचं डोकं, असं नाव पडलं.

तुकड्यावर चारपाचच अक्षरं आहेत. त्यातून काही कळतं का?

पुष्कळ कळतं, कारण रोमन लोक थडग्यावर ठरावीक संक्षेप वापरत. संगमरवर महाग, कोरणावळ अक्षरागणिक वाढणारी. त्यामुळे सगळ्यांना ठाऊक असलेली वाक्यं आद्याक्षरांत उरकायची.

वरच्या ओळीत ‘डी’ आणि ‘एम’ असेल तर ते ‘दीस मानिबुस’, म्हणजे पितरदेवांना अर्पण. ही प्रथा इ.स. पहिल्या शतकात रुळली, त्यामुळे ही दोन अक्षरं दिसली की दगड सहसा त्याआधीचा नाही असं धरतात.

नावाच्या मध्ये एकटं ‘एल’ दिसलं तर माणूस मुक्त केलेला गुलाम. त्याच्या आधी मालकाच्या नावाचं आद्याक्षर असतं. मालकाऐवजी मालकीण असेल तर तिथे उलटा ‘सी’ कोरतात. अप्पियावर या उलट्या ‘सी’वर डोळा ठेवा, एकदा ओळखता आला की पुन्हा पुन्हा भेटतो.

नावाआधी ‘व्ही’ म्हणजे दगड कोरला तेव्हा ती व्यक्ती हयात होती. थडगं आधीच बांधून ठेवणं अशुभ वगैरे काही नव्हतं. उलट शहाणपणाचं मानलं जायचं.

खालच्या बाजूला ‘इन फ्रॉन्ते’ आणि ‘इन आग्रो’ यांच्यापुढे आकडे असतील तर ते भूखंडाचं माप : रस्त्याला लागून इतके फूट, आत इतके फूट. रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा. बारा बाय बारा म्हणजे साडेतीन मीटरांचा चौकोन. हा दगड एकाच वेळी देवाचा नैवेद्य आणि जागेचा सातबारा होता.

आणि ‘एच एम एच एन एस’ अशी मालिका असेल तर : हे थडगं वारसाकडे जाणार नाही. मालमत्ता घेणाऱ्या वारसाने थडगं विकू नये, हा हेतू. पुष्कळ ठिकाणी याच्याच जोडीला ‘मुक्त केलेले गुलाम, मुक्त केलेल्या दासी आणि त्यांचे वंशज’ यांना तिथे जागा दिलेली असते. सख्ख्या वारसापेक्षा घराचं नाव चालवणाऱ्या जुन्या नोकरांवर भरवसा जास्त. याची कारणं ज्याने त्याने आपल्या नात्यागोत्यात शोधावीत.

तीन चेहरे एका ओळीत असलेला तुकडा कोणाचा?

फोटोत दोन बायका आणि एक पुरुष असेल तर तो रबिरियस मंडळींचा. खिडकीतून तिघं रस्त्याकडे बघत उभी आहेत अशी ती चौकट आहे. खाली नावं आहेत : गायस रबिरियस हर्मोडोरस, लुसिया रबिरिया डेमारिस आणि उसिया प्रिमा. पहिल्याच्या नावात ते ‘एल’ आहे : पोस्टुमसचा मुक्त गुलाम. हर्मोडोरस आणि डेमारिस ही ग्रीक नावं. रोमन नागरिक झाल्यावर त्यांनी मालकाचं कुळनाव लावलं आणि आपलं गुलामीतलं नाव शेवटी ठेवलं.

हा पोस्टुमस बहुधा गायस रबिरियस पोस्टुमस असावा : मोठा सावकार, ज्याने इजिप्तच्या बाराव्या टॉलेमी राजाला कर्ज दिलं, वसुलीसाठी अलेक्झांड्रियात त्याचा खजिना सांभाळला आणि परतल्यावर खटल्यात अडकला. त्याची बाजू मांडली प्रसिद्ध वक्ता सिसेरोने.

आता तिसऱ्या चेहऱ्याकडे नीट बघा. उसिया प्रिमा ही इसिस देवीची पुजारीण, तसं लिहिलेलंच आहे. तिच्या डोक्याच्या बाजूंना देवीच्या पूजेतला खुळखुळा आणि विधीची ताटली कोरलेली आहे. पण तिची केशरचना शेजारच्या दोघांपेक्षा नंतरच्या काळातली आहे. तिथे मुळात दुसरंच कोणीतरी होतं. ती आकृती तासून इ.स. पहिल्या शतकात हिचा चेहरा काढला गेला. संगमरवर वाया घालवायचा नाही, हा हिशेब रोमन लोकांनीही पाळला.

इजिप्तच्या राजाचा सावकार आणि इजिप्तच्या देवीची पुजारीण, असा दुवा जोडायचा मोह अनेकांना होतो. मी जोडणार नाही. पहिल्या शतकापर्यंत इसिसची भक्ती रोममध्ये इतकी पसरली होती की त्यासाठी मालकाच्या धंद्याची गरज नव्हती.

रस्त्यावर दिसतो तो रबिरियसांचा दगड अस्सल आहे का?

तो साचा काढून केलेली प्रत आहे. मूळ दगड रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात, तेर्मिनी स्टेशनजवळच्या पालाझ्झो मास्सिमोत. चोरी आणि मोडतोड यांपुढे कानोव्हाची तत्त्वं नेहमी टिकली नाहीत. तरी रस्त्यावर प्रत आणि आत मूळ, ही तडजोड मला पटते. दगड कुठला ते दोन्हीकडे लिहिलेलं आहे.

गुलाम होते म्हणता, मग इतका पैसा कुठून?

व्यापारातून, कारागिरीतून, मालकाच्या भांडवलातून. मुक्त झालेल्याला नागरिकत्व मिळे, पण मोठी सार्वजनिक पदं त्याला बंद. त्यामुळे मिरवायची जागा उरली ती थडगं. रोममधल्या पोर्ता माज्जोरे या प्राचीन वेशीजवळ युरिसॅसिस नावाच्या पाववाल्याचं थडगं आहे, दर्शनी भागावर पीठ मळायच्या यंत्रांसारखी गोल भोकं आणि वरच्या पट्टीत धान्य दळण्यापासून पाव तोलण्यापर्यंतची सगळी कामं. तो मुक्त गुलाम होता की नाही यावर वाद आहे, पण त्याला स्वतःच्या धंद्याची लाज नव्हती यावर नाही.

पुतळ्यांचे डोळे कोरे, आंधळे का दिसतात?

रंग उडाला म्हणून. बुबुळं रंगवलेली असत. केस, ओठ, कपड्यांचे काठही. अक्षरांत हिंगूळ किंवा शेंदूर भरत. पांढराफटक रोम ही आपली समजूत, त्यांची नव्हे. सम्राट हेड्रियनच्या काळापासून, म्हणजे इ.स. १३० च्या आसपास, बुबुळ छिन्नीने कोरण्याची पद्धत आली. त्यामुळे डोळ्यांत कोरीव खळगा असेल तर चेहरा सहसा त्यानंतरचा, हा एक उपयोगी ठोकताळा.

संगमरवर कुठून यायचा?

रोममध्ये प्रामुख्याने लूनाच्या, म्हणजे आजच्या काराराच्या खाणींतून, त्या इ.स.पू. पहिल्या शतकात जोरात सुरू झाल्या. ग्रीस आणि मार्मारा समुद्राकडूनही जहाजं भरून यायची. नुसत्या नजरेने ओळखू नका, जाणकारही चुकतात. प्रयोगशाळेत कार्बन आणि ऑक्सिजनची समस्थानिकं तपासून खाणीचा अंदाज करतात.

थडग्यावर शिव्याशाप लिहीत, हे खरं का?

अगदी खरं. रोममधल्या एका लेखात म्हटलं आहे की इथे जो लघवी किंवा शौच करेल त्याच्यावर वरचे आणि खालचे देव कोपोत. जिथे देवांवर भरवसा नव्हता तिथे दंड लिहिलेला असे : थडग्याला हात लावणाऱ्याने अमुक हजार सेस्टर्स (रोमन नाणी) पुरोहितांच्या तिजोरीत भरावेत.

माझा आवडता प्रकार मात्र निवडणुकीचा. प्रचाराची रंगवारी करणाऱ्याला उद्देशून थडग्यावर कोरलेली विनंती सापडते, की बाबा रे, हे थडगं सोडून पुढे जा. आणि सोडलं नाहीस तर तुझा उमेदवार पडो. रस्त्यालगतची भिंत असण्याचा हा तोटा कोणाला समजावून सांगायला नको.

तुकडा जागेवरून हलला तर काय बिघडतं? लेख तर वाचता येतोच.

२०२५ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्सच्या एका घराच्या परसात झाडोरा काढताना संगमरवराची लॅटिन पाटी सापडली. मजकूर पूर्ण होता : सेक्स्टस कॉन्जेनियस व्हेरस, मिसेनमच्या आरमारातला सैनिक, थ्रेसच्या बेस्सी जमातीचा, ‘एस्क्लेपियस’ नावाच्या जहाजावरचा, ४२ वर्षं जगला, २२ वर्षं नोकरी केली, दगड उभारला त्याच्या दोन वारसांनी. इतकी माहिती असूनही, तो लुइझियानात काय करतो आहे हे दगड सांगू शकत नव्हता.

ते सांगितलं जुन्या नोंदींनी. प्राचीन बंदर असलेल्या चिव्हितावेक्कियाजवळ तो एकोणिसाव्या शतकात सापडला होता, मजकुराची नकल छापली गेली होती आणि तो तिथल्या संग्रहालयात होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत संग्रहालय उद्ध्वस्त झालं. पाटी इटलीत लढलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या घरी पोहोचली, पुढच्या पिढीने ती बागेतली शोभेची वस्तू म्हणून ठेवली आणि घर विकताना तिथेच विसरली.

हे नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ही नकल करून ठेवण्याची शिस्त बर्लिनच्या अकादमीत थिओडोर मॉमसेनने १८५३ पासून सुरू केलेल्या लॅटिन शिलालेखांच्या महासंग्रहाने लावली. ज्या तुकड्याची नोंदच नाही, तो एकदा हलला की फक्त पांढरा दगड.

लिलावात ‘रोमन संगमरवरी तुकडा’ विकायला असतो. घ्यावा का?

कागद पाहिल्याशिवाय अजिबात नाही. इटलीत १९०९ च्या कायद्यापासून जमिनीतून निघालेली पुरावस्तू सरकारची मानली जाते. ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला पुरावा म्हणत नाहीत. कधी, कोणाकडून, कोणत्या परवान्याने बाहेर पडला, हे वर्षवार हवं. कॅराबिनिएरी पोलिसांचं खास पथक १९६९ पासून याच कामावर आहे आणि दशकांनंतरही वस्तू परत नेतं. गेलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.

अप्पियालाही याची झळ बसली. १९५० च्या दशकात रस्त्यालगत श्रीमंतांचे बंगले उठले आणि आजूबाजूचे तुकडे त्यांच्या कुंपणाच्या भिंतींत जाऊन बसले. कानोव्हाच्याच कल्पनेची ही खाजगी आवृत्ती. पत्रकार आंतोनियो चेदेर्ना याने १९५३ पासून त्याविरुद्ध सतत लिहिलं. आज तिथे संरक्षित पुरातत्त्व उद्यान आहे त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

आठवण म्हणून एखादी बारीकशी कपची उचलली तर?

गुन्हा आहे. २०२२ मध्ये इटलीने सांस्कृतिक वारशाविरुद्धचे गुन्हे दंडविधानात वेगळे घालून शिक्षाही वाढवल्या. फोटो काढा.

अप्पिया जागतिक वारसा यादीत आहे का?

२०२४ च्या जुलैपासून आहे, आणि तो निर्णय झाला नवी दिल्लीत. युनेस्कोच्या समितीचं अधिवेशन त्या वर्षी भारतात होतं. त्याच बैठकीत आसाममधले चराईदेवचे मोइदाम, म्हणजे आहोम राजघराण्याची मातीची दफनटेकाडं, यादीत आली. योगायोगच, पण छान जमलेला.

प्रत्यक्ष पाहायला कसं जावं?

वेशीपासून चालत निघू नका. सुरुवातीचा पट्टा अरुंद, पदपथ नाही आणि गाड्या अंगावरून जातात. थेट सेसिलिया मेटेल्लाच्या थडग्यापाशी उतरा आणि तिथून शहराकडे पाठ करून चालायला लागा. संथ पावलांनीही अर्ध्या-पाऊण तासात कानोव्हाची भिंत येते. मूळ फरसबंदी टिकली आहे तिथे दगड मोठे आणि गुळगुळीत आहेत, सँडल घालून पाय मुरगळतो. दुपारचं ऊन डोक्यावर असताना अक्षरं दिसतच नाहीत. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. आणि एखादी झिजलेली ओळ तरीही लागली नाही तर मोबाइलचा टॉर्च दगडाला समांतर, अगदी कडेने धरा. छिन्नीच्या रेषांत सावली पडली की अक्षर उठून येतं. सुरुवात त्या उलट्या ‘सी’पासून करा.